लॅपटॉपवर पहारा

सुनेच्या लॅपटॉपचा पडदा पहिल्यांदा काळा पडला, तेव्हा रिटायर सुभेदार बाळासो फाळके तिच्या टेबलापाशीच होते. एका हातानं टेबलाची कड धरून, गुडघ्यात वाकून ते भिंतीतला प्लग दाबून बघत होते. "नशीब म्हणायचं, मी जाग्यावर हुतो," असं ते पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत राहिले. जाग्यावर होते हे खरं. त्यात नशीब कुणाचं फुटलं ते यथावकाश कळेलच.

प्लगमध्ये तसं काही बिघडलेलं नव्हतं. पण फौजेचे निरोप पोचवणाऱ्या सिग्नलच्या पलटणीत उभी हयात घालवलेल्या माणसाला घरातला प्रत्येक प्लग रोज एकदा दाबून बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. इकडं सुभेदार वाकले आणि तिकडं अंकिताची मीटिंग बोलता बोलता गपकन बंद झाली. पडदा काळाठिक्कर. सुभेदार गुडघे धरून उभे राहीपर्यंत तो परत उजळलासुद्धा, पण मीटिंग तुटायची ती तुटली. त्यानंतर आठवडाभर हेच चाललं. शेवटी पुष्कर साहेबांनी, म्हणजे तिच्या पुण्याच्या साहेबांनी, फोन करून गोड आवाजात कडू बातमी दिली. घरून काम करायची परवानगी आहे, पण काम झालं तर. पडदा असाच जात राहिला तर अंकितानं पुण्याला ऑफिसात यावं.

पुण्याला यावं म्हणजे काय, ते साताऱ्यात गोडोलीच्या त्या घरात कुणाला फोड करून सांगायची गरज नव्हती. अंकिता जाणार म्हणजे पहिलीतली ओवी जाणार. मुलगा शंभूराज साखर कारखान्यात केमिस्ट. गळिताचा हंगाम लागला की तो तसाही पाहुण्यासारखा येऊन जायचा. राहता राहणार सुभेदार, त्यांची बायको दीपमालाबाई आणि घरातले प्लग. सुभेदारांना तो विचारच नको व्हायचा. पण फौजी माणूस, तसं बोलून दाखवायची सोय नाही. ते एवढंच म्हणाले, "बिघाड म्हंजे बिघाड. त्यो हुडकून काढायचा. बाकी आपल्याला काय न्हाई."

आता इथं फाळक्यांच्या घरची एक रीत सांगणं भाग आहे. त्यांच्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. भांडण नसतं, राग नसतो, उलट मानच असतो. पण बोलायचं ते आडून. खोलीत शिरायच्या आधी खाकरायचं, आणि जे काही सांगायचं ते नातीला सांगायचं. "ओवे, आईला म्हणावं चहात आलं घाल." ओवी शाळेत असली तर दीपमालाबाईंना, आणि त्या देवळात गेलेल्या असल्या तर दारातल्या कढीपत्त्याला. अंकिता इंजिनियर झालेली पोरगी, माहेरी विट्याला बापाशी भांडून मोटरसायकल शिकलेली, पण तिनंही ही रीत हसत हसत उचलली होती. तीसुद्धा म्हणायची, "आई, आबांना सांगा, आलं घातलंय." आबा समोरच बसलेले असायचे. सिग्नलच्या माणसाच्या घरातली ही अशी निरोपव्यवस्था होती आणि तिच्यात कधी बिघाड होईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तर सुभेदारांनी दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉपवर पहारा बसवला. पहारेकरी एकच, ते स्वतः. टेबलाशेजारी खुर्ची टाकली. सून कामात असताना तिच्याकडं बघत बसणं बरं दिसत नाही, म्हणून तोंड भिंतीकडं. उजव्या हातात टेस्टर आणि डावा हात टेबलावर, थेट लॅपटॉपला लागून. म्हणजे आत काही थरथरलं तर कळावं. इस्त्रीचा फुल बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. आणि काय सांगावं, दुपारपर्यंत त्या पडद्यानं अशी काही धुमाळी मांडली की अंकिताच्या पुण्याच्या मैत्रिणी "अंकिता, तू आहेस की गेलीस?" असं मसणवट्यात विचारावं तसं विचारायला लागल्या. सुभेदारांनी निष्कर्ष काढला, पहारा कमी पडतोय. त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

ते भाजी आणायला गेले की पडदा ठणठणीत चालायचा. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. "बघितलंस?" ते पिशवी ठेवता ठेवता दीपमालाबाईंना म्हणायचे, "सकाळी मी वायर सारखी केली, त्येचा गुण." आणि परत जाऊन खुर्चीवर बसायचे. लगेच काळोख.

बिघाडाची बातमी आळीत पसरायला वेळ लागत नाही. शेजारच्या राहीबाई विरजण मागायला म्हणून आल्या आणि लॅपटॉप बघून गेल्या. त्यांचं मत पडलं की मशीन उष्ण पडलंय, त्याला सब्जा... म्हणजे सब्जा नाही, पण खाली ओलं फडकं तरी घालावं. ते काही अंकितानं ऐकलं नाही. मग सकाळच्या फिरण्यातले सुभेदारांचे दोस्त, रिटायर हवालदार आकाराम, यांनी छातीठोक सांगितलं, "आत दमट धरलंय गड्या. तांदळात घाल. माझा मोबाईल हौदात पडल्याला, तांदळानं उठून बसला."

आकाराम हा माणूस उपायांची खाणच. त्यानंच मागं मंगल कार्यालयातल्या आरोग्य शिबिरात पलटणीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना रक्तदाबावरची चुंबकाची कडी घ्यायला लावली होती. सुभेदारांनी तिथं चारचौघांत त्याची टर उडवली, "आता लोखंड चिकटवून फिरा म्हणावं भिंतीला," वगैरे. आणि सगळे पांगल्यावर मागच्या दारानं जाऊन स्वतः एक जाडजूड कडं घेतलं. घरी बायको हसेल म्हणून ते बाहीच्या आत असायचं. अंघोळीलासुद्धा ते टॉवेलखाली झाकून जात. पण ते असो, प्रत्येक माणसाचं काहीतरी खाजगी असतं. विषय लॅपटॉपचा आहे.

लॅपटॉप इंद्रायणी तांदळाच्या डब्यात गेला. अंकिता नको नको म्हणत होती, म्हणजे दीपमालाबाईंना सांगत होती की आबांना नको म्हणून सांगा. पण निरोप पोचेपर्यंत डब्याचं झाकण लागलं होतं. सकाळी बाहेर काढला तेव्हा त्याला खमंग वास येत होता आणि कळफलकाच्या फटीतून दाणे पडत होते. सुभेदार त्या दिवशी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. लॅपटॉप उत्तम चालला. संध्याकाळी ते आले, बातमी ऐकली, आकारामला फोन करून त्याचे आभार मानले आणि समाधानानं खुर्चीत बसून हात टेबलावर टेकला. पडदा गेला. "तांदूळ नवा हुता," आकाराम फोनवर म्हणाला, "जुना पायजे."

घरगुती उपाय संपले तेव्हा सुभेदार पोवई नाक्यावरच्या जोतिबाच्या दुकानात गेले. जोतिबानं लॅपटॉप लावला, इकडून दाबला, तिकडून हलवला, पालथा घातला, त्याच्यावर एक लावणीसुद्धा वाजवली. पडदा जणू न्हाऊन-माखून आलेला.

"चालतंय की आबा."

"आता चालतंय. चालत न्हाई तवा चालत न्हाई."

"तवा मंजे कवा?"

"आरं, हितनं, हितनं काय तरी हुतंय बघ," असं म्हणून सुभेदारांनी काउंटरवरून वाकून कोपऱ्याकडं बोट नेलं, आणि पडदा गेला. "बघ! बघ!" सुभेदार इतक्या आनंदानं ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं दचकली. डॉक्टरसमोर बरोबर कळ आलेल्या पेशंटला होतो तो आनंद. जोतिबाही गंभीर झाला, आतली केबल म्हणाला, केबल बदलली, बिजागऱ्या आवळल्या. घरी आणून लावला. आबा टेबलापाशी बसले. पुढचं सांगायला नको.

मग जोतिबानं हात टेकले. त्याचं म्हणणं, हे मशीन अंकिताच्या कंपनीचं, ते बनवणाऱ्यांच्या अधिकृत केंद्रातच न्यायला हवं, आणि ते केंद्र सांगलीला. सुभेदारांनी लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग पोटाशी धरली, वर कंदी पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि सांगलीची एसटी पकडली. पेढे कशाला? सातारचा माणूस कुणाच्या दारात रिकाम्या हातानं काम घेऊन जात नाही. मग ते दार अधिकृत असलं तरी.

सांगलीतल्या केंद्रात काचेमागं बसलेल्या बाईंनी पेढे बाजूला ठेवले आणि विचारलं, "मशीन कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या सुनेचं हाय."

"तुमच्या सुनेच्या नावावर नाही दिसत."

"तिच्या कंपनीचं हाय, पन घरात तीच वापरती."

"मग कंपनीचं पत्र लागेल."

सुभेदारांनी माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलं. त्यानं काम होईना तेव्हा कॅन्टीनचं कार्ड काढलं. मग आधार, मग पेन्शनचा कागद, आणि शेवटी पाकिटात जपून ठेवलेला, मेडल लावलेला तरुणपणीचा फोटो. बाईंनी तो फोटो मन लावून बघितला, "छान आहे," म्हणाल्या आणि परत दिला. "काका, यावरून तुम्ही कोण ते कळतं. लॅपटॉप कोणाचा ते कळत नाही."

देशाची सरहद्द सांभाळलेल्या माणसाला एक लॅपटॉप सांभाळायला दिलाय हे सिद्ध करता येऊ नये, हे सुभेदारांच्या फार जिव्हारी लागलं. पण करता काय? त्यांनी घरी दीपमालाबाईंना फोन लावला, दीपमालाबाईंनी अंकिताला सांगितलं, अंकितानं पुण्याला कळवलं, पुण्यानं केंद्राला मेल धाडली. तोवर सुभेदार बाकड्यावर ताठ बसून होते आणि काचेपलीकडं त्यांचे पेढे संपत चालले होते.

धैर्यशील नावाच्या इंजिनियरनं लॅपटॉप काचेआड नेला. गिऱ्हाइकाला आत सोडायचा नियम नव्हता. दुपारभर तो पडदा तिथं तळपत राहिला, एकदासुद्धा डोळा मिटला नाही. शेवटी धैर्यशील बाहेर येऊन म्हणाला, "काका, यात काहीच फॉल्ट नाही."

"म्हंजे मी साताऱ्यावनं खोटं बोलायला आलोय व्हय?"

पोरगा सालस होता. पेढेही त्यानं खाल्ले होते. तो म्हणाला, "तसं नाही काका. कधी कधी मशीनला उगाच वाटतं की आपलं झाकण मिटलंय, म्हणून ते झोपी जातं. मी आता असं करून दिलंय की झाकण मिटलं असं वाटलं तरी ते झोपणार नाही. जास्तीत जास्त चित्र जाईल, पण आतलं काम चालूच राहील. आवाजबिवाज, सगळं."

सुभेदारांनी करारी मान डोलावली. त्यातलं त्यांना ओ की ठो कळलं नव्हतं. पण सिग्नलच्या माणसानं 'कळलं नाही' म्हणायचं नसतं. परतीच्या एसटीत त्यांनी शेजारच्या प्रवाशाला कऱ्हाडपर्यंत समजावून सांगितलं की हल्लीची मशीनं झोपाळू निघतात. आणि घरी येऊन, हातपाय धुऊन, बॅगेतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला, उघडला, प्रेमानं त्याच्या कडेवरून हात फिरवला. पडदा गेला.

त्या संध्याकाळी निरोपव्यवस्थेतही बिघाड झाला. झालं असं की पुष्कर साहेबांनी शेवटचं सांगितलं होतं, शुक्रवारी परदेशातल्या गिऱ्हाइकांसमोर अंकितानं सगळं काम मांडायचं आहे; त्या दिवशी पडदा गेला तर सोमवारपासून पुणे. अंकिता स्वयंपाकघरात येऊन सासूला म्हणाली, "आई, आबांना माझ्यापायी किती दगदग. या वयात सांगलीपर्यंत हेलपाटे. त्यांना हे सगळं नको झालं असेल. त्यापेक्षा मी आपली पुण्यालाच जाते." दीपमालाबाई तेव्हा आमटीला फोडणी देत होत्या. मोहरीच्या तडतडीत पुढचं सगळं बुडालं आणि त्यांच्या कानाला शेपूट तेवढं लागलं. त्यांनी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, "ती पुण्याला जाते म्हणतीया."

"व्हय?"

"व्हय. आपनच म्हणली."

सुभेदारांनी हातातला टेस्टर खाली ठेवला. बरोबर आहे, तरुण पोरगी, तिला इथं म्हाताऱ्यांत कशाला गोड वाटेल, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नातीला हाक मारली. "ओवे, आईला म्हणावं नोकरी मोठी. जायाचं तर खुशाल जावं. आमचं काय, आमी मोकळंच."

ओवी आत जाऊन म्हणाली, "आई, आबा म्हणतात खुशाल जा. ते मोकळे आहेत." लहान मुलं निरोप सांगतात ते असे. अंकिताचा चेहरा पडला. म्हणजे आपलं बरोबरच होतं, त्यांना नको झालंय, असं तिनं धरलं आणि पुण्याला येते म्हणून साहेबांना मेलही टाकला. त्या दिवशी आमटी उरली, आणि फाळक्यांच्या घरात आमटी उरणं ही साधी गोष्ट नाही.

गुरुवारी राहीबाई पुन्हा आल्या. या खेपेला विरजणाचं निमित्तही त्यांनी केलं नाही. मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या पदरात बांधूनच आल्या होत्या. लॅपटॉपवरून तीनदा ओवाळून चुलीत टाकायचं, तर चूल नव्हती; म्हणून गॅसवर तव्यात टाकलं. सगळं घर ठसकायला लागलं. राहीबाईंनी डोळे पुसत तव्यात बघितलं आणि निकाल दिला, "दीपे, बाहेरच्याची नजर न्हाई ही. घरातल्याच माणसाची हाय."

"काय तरीच बोलू नगासा वैनी," सुभेदार खोकत खोकत कडाडले. "हे सायन्स हाय!"

"सायन्स असू दे न्हाईतर काय बी असू दे. आवं, तुमी खुर्चीत बसलासा की त्ये झाकाळतंय. आनि तुमी उठलासा की उजाडतंय. मला खिडकीतनं दिसतंय की समदं."

 अंकितानं खाली बघितलं. खरं म्हणजे तिच्याही हे ध्यानात आलं होतं, पण सासऱ्याच्या तोंडावर 'तुमच्यामुळं' म्हणणार कोण? आणि ते सासूमार्फत तरी कसं कळवणार? दीपमालाबाईंनी मात्र नवऱ्याकडं अशी नजर टाकली की चीनच्या सरहद्दीवर न ढळलेले सुभेदार जागच्या जागी चुळबुळले.

"उद्या मीटिंग हुईस्तवर तुमी घरात पाय टाकायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"माझ्या घरात मला बंदी?"

"एक दिस. पोरीच्या भाकरीचा परश्न हाय."

अशा रीतीनं शुक्रवारी सकाळी रिटायर सुभेदार बाळासो फाळके यांना पांढऱ्या पायाचा माणूस ठरवून घराबाहेर काढण्यात आलं. पहाऱ्यावरच्या शिपायालाच किल्ल्यातून हाकलल्याचं उदाहरण इतिहासात असेल तर असो, पण त्याला ते आवडलं नसणार. ते नाक्यावर आकारामसोबत चहाच्या टपरीवर बसले. चहा गोड लागला नाही. आकाराम म्हणाला, "मनाला लावून घिऊ नगंस रं. माझ्या पायगुणानं सासऱ्याची म्हस मेली हुती." यानं सुभेदारांना काही विशेष बरं वाटलं नाही.

मीटिंग अकराला सुरू होऊन बाराला संपणार, असं ओवीमार्फत कळलेलं होतं. फौजेत बारा म्हणजे बारा. बाराच्या ठोक्याला सुभेदार घराच्या दारात हजर. पण ही मीटिंग फौजेतली नव्हती. परदेशातली गिऱ्हाइकं तोंड भरून कौतुक करून नुकतीच गेली होती, आणि मागं पुष्कर साहेब आणि ऑफिसातली मंडळी तेवढी राहिली होती. अंकितानं कानातला हेडफोन काढून ठेवला होता. "काम छान झालं अंकिता," साहेब लॅपटॉपमधून म्हणत होते, "पण तुझा मेल बघितला मी. तू स्वतःच पुण्याला यायचं म्हणतेस, तर सोमवारपासून..."

सुभेदार दारात खाकरले. कुणी ऐकलं नाही. त्यांनी परत खाकरून आत पाऊल टाकलं. पडदा लख्ख चालू होता. तो चालू बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्यावर माणूस कशाला तरी टेकतोच. ते टेबलाला टेकले. डावा हात लॅपटॉपशेजारी.

पडदा गेला.

सुभेदार तिथंच गोठले. झालं. गिऱ्हाइकांसमोर गेला नाही तो साहेबांसमोर गेला, आणि तोही आपल्याच पायगुणानं. आता पुणे कुणी टाळत नाही.  ओवी शाळेत होती, दीपमालाबाई स्वयंपाकघरात, आणि कढीपत्ता पार दाराबाहेर. सांगायचं कुणाला? सुभेदार टेबलावरचा हात तसाच ठेवून वळले आणि ती या घरात आल्यापासून पहिल्यांदा सुनेकडं तोंड करून बोलले.

"पोरी, माझं चुकलं."

"आबा, एक मिनिट, ते अजून..."

"मधी बोलू नगंस. आज बोलतोय तर बोलू दे. परत मला जमायचं न्हाई. तू जायाचं म्हणतीस, जा. पन मी मोकळा हाय म्हणलो ती थाप हुती. आगं, उभा जन्म मी घराबाहेर काढला. शंभू चालायला लागला त्ये मला तिकडं पत्रातनं कळलं. घरात पोरगं कसं वाढतं त्ये मी ह्या ओवीत पहिल्यांदा बघतोय. आनि तू हितं बसून फाडफाड इंग्रजी बोलतीस, मला काडीचं कळत न्हाई, पन मी भिताडाकडं तोंड करून ऐकत बसतो. घर भरल्यागत वाटतं. पडदा दुरुस्त व्हावा म्हणून न्हाई धावलो मी सांगलीला. तुमी दोघी ऱ्हावा म्हणून धावलो."

अंकिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी ती दोन्ही हातांनी खुणा करत होती. "आबा, थांबा ना, आवाज..."

"आवाज चढू दे की! आनि त्यो तुझा टकल्या साहेब! त्याला म्हणावं, हितं यिऊन दोन दिस ऱ्हा, मग कळंल पोरीला उचलून न्हेताना म्हाताऱ्यांना काय हुतंय त्ये. टकल्याला काय, त्येचं चांगलं चाललंय पुण्यात!"

अंकितानं तोंडावर हात घेतला. आणि त्या काळ्याठिक्कर पडद्यातून, स्वच्छ आणि नम्र, आवाज आला.

"आबा, नमस्कार. टकल्या बोलतोय."

सुभेदार असे उडाले की बस. टाचा जुळल्या, छाती पुढं, दोन्ही हात मांड्यांना चिकटून खाडकन सावधान. आणि टेबलावरचा हात उठताक्षणी पडदा उजळला. चौकोनाचौकोनांत माणसं. कुणी हसतंय, कुणी डोळे पुसतंय, आणि मधोमध पुष्कर साहेब. टक्कल खरोखरच होतं.

सांगलीच्या धैर्यशीलनं सांगितलं होतं तेच झालं होतं. चित्र गेलं तरी आतलं काम चालू. अंकिता मघापासून तेच सांगू बघत होती.

"साहेब, चुकून..." सुभेदारांचा आवाज पार बारीक झाला.

"ते राहू द्या आबा. मघाचा तो हात परत टेबलावर ठेवा बरं."

हुकूम आला की पाळायचा. हात टेबलावर. पडदा काळा.

"उचला."

उजेड.

"ठेवा." काळोख. "उचला." उजेड. "आता उजवा ठेवा." उजेडच. ज्यांनी हजारो रंगरुटांची कवायत घेतली, त्या सुभेदारांची कवायत पुण्यातला एक टकला माणूस घेत होता, आणि ते मुकाट्यानं करत होते. गलका ऐकून दीपमालाबाई पळी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"डाव्या मनगटात काय आहे आबा?" साहेबांनी विचारलं. "चुंबकाचं कडं?"

सुभेदार एकदम हवालदिल झाले. पण आता सगळंच उघडं पडलं होतं, तिथं मनगट झाकून काय उपयोग? त्यांनी बाहीचं बटण काढलं.

"आमच्या वडिलांचंही हेच," पुष्कर साहेब म्हणाले. "झाकणात चुंबक असतं, ते जवळ आलं की मशीन समजतं झाकण मिटलं. तुमच्या मनगटाला ते झाकण समजत होतं. मी आमचा लॅपटॉप दोनदा दुरुस्तीला देऊन आलो होतो."

"आगं बया!" दीपमालाबाई पळी उगारून म्हणाल्या. "ह्ये कवा घातलंसा? आनि माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याला हसत हुतासा व्हय?"

सुभेदारांनी कडं काढून खिशात टाकलं. आठवड्याभराचा पहारा, तांदूळ, केबल, सांगली, पेढे, आणि चोर पहारेकऱ्याच्याच बाहीत. भिंतीपलीकडून राहीबाईंचा आवाज आला, "मी म्हणलं न्हवतं?" बाई खिडकीतच होत्या.

पण सुभेदारांचं त्याकडं लक्ष नव्हतं. ते पडद्याकडं बघत होते. पडदा बरा झाला, तरी सोमवार होताच की. पुष्कर साहेब म्हणाले, "तर अंकिता, पडद्याचा प्रश्न मिटला. तू इथून काम कर, नाहीतर पुण्याला ये. तुला काय हवंय ते तूच सांग."

 अंकिता खुर्चीतून उठली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. "आबा, मला जायचंच नव्हतं. तुम्हाला त्रास होतोय म्हणून मी जाते म्हटलं. आईंना मी तसंच सांगितलं होतं."

"मला फकस्त जाते एवढंच ऐकू आलं," दीपमालाबाई म्हणाल्या. "मोहरी तडतडत हुती."

"मी ओवीकडनं ऐकलं, तुम्ही मोकळे आहात," अंकिता म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.

"मोकळा कुटला," सुभेदार म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, आणि आज मिरच्यांचा धूर म्हणायलाही जागा नव्हती. "ऱ्हा पोरी. हितंच ऱ्हा."

"राहते आबा."

"मग मी बंद करतो," पुष्कर साहेब म्हणाले. "आबा, दोन दिवस राहायला यायचं आमंत्रण मी धरून चालतो हं."

"या साहेब, जरूर या," सुभेदार म्हणाले, आणि पडदा या वेळी साहेबांनी स्वतःच बंद केला.

ओवी शाळेतून आली तेव्हा ताटं मांडलेली होती. रोजच्या रिवाजानं सुभेदारांचं आणि ओवीचं पान आधी, बायांचं मागून. अंकिता भाकरीची दुरडी घेऊन आली आणि वाकून म्हणाली, "आबा, भाकरी वाढू?"

सुभेदारांनी सवयीनं ओवीकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं.

"वाढ की. आनि तुझंबी पान घे हितंच. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या."

"आनि मी काय उभ्यानं खाऊ?" दीपमालाबाई आतून म्हणाल्या.

"तूबी ये! कुनी आडवलंय तुला?"

तेव्हा वाढायला कुणी उरलंच नाही. चौघं जण एका ओळीत बसली, दुरडी हातोहात फिरली, आणि आमटी पुरी पडली नाही.